ड्रीलबाईंचे पाय

"पाय उचल! उचल वं पाय! जमिनीनं धरून ठेवले का तुले? तो बॉल आहे, वाघ नाही! अवं, चिंचेमागं काऊन लपून राह्यली? चिंच खेळणार आहे का तुह्या जागी?"

हे सगळं मला उद्देशून होतं आणि अख्ख्या खामगावाला ऐकू जात होतं. बॉल माझ्याकडे येत होता, मी चिंचेमागे होते, आणि देवाशपथ सांगते, त्या आवाजानं चिंचसुद्धा थोडी सरकली.

मी मुळात घाबरट बाई नाही. साखरखेर्ड्याला मळ्यात राखणीला असताना बिबट्या आला, तेव्हा मी त्याच्या कानाखाली अशी दिली की तो मागं न पाहता थेट लोणारला गेला. गावातले लोक ते मांजर होतं म्हणतात. त्यांचं ऐकू नका, ते काही तिथं नव्हते. पण त्या आवाजाच्या मालकिणीपुढे, आमच्या सगुणाबाईंपुढे, माझे गुडघे जे लटपटायचे, ते आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही खाटेच्या कडेवर एकमेकांना लागताहेत.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला बांधलेला. कापूस आमचा आणि हुकूम नागपूरचा. तिथल्याच कुठल्या हुकमानं खामगावात बायकांना शिक्षिका करायचं विद्यालय निघालं. चार खोल्या, एक विहीर आणि ती चिंच. आम्ही मात्र त्याला कॉलेज म्हणत असू, आणि ते म्हणताना पदर सावरत असू. शिकायला कोण, तर नवऱ्यानं टाकलेल्या, नवरा गेलेल्या, नवऱ्यानं हौसेनं धाडलेल्या एकदोघी, आणि जिचं पुढं काय करावं हे घरच्यांना सुचत नव्हतं अशी मी.

तिथं सगुणाबाई ड्रील, म्हणजे कवायत, शिकवत. गाव त्यांना ड्रीलबाईच म्हणे. बारीक काळ्या काठाचं पांढरं लुगडं, कासोटा असा आवळलेला की सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, बांधलेली कापसाची गाठ सैल वाटावी. कपाळ मोकळं. लग्न कधी झालं आणि नवरा कधी गेला, दोन्ही त्यांना आठवत नव्हतं. गळ्यात काळ्या दोऱ्यात शिट्टी, आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट! विधवा बाई बूट घालून बाजारातून चालली की दुकानदार मापं हातात धरून बघत राहायचे. नागपूरला मिशनच्या मडमांकडे शिकत असताना त्यांनी हा बास्केटबॉल नावाचा खेळ पाहिला होता. पाहिला आणि घेऊन आल्या, जसं कुणी काशीहून गंगा आणतं तसं.

खेळायला जागा कुठली? तर रावसाहेबांच्या जिनाचं आवार. रावसाहेब म्हणजे वकील, या जिनाचे मालक आणि आमच्या विद्यालयाच्या कमिटीचे अध्यक्ष. कापसाचा हंगाम संपला की ते आवार ओस पडे, नुसती सरकी आणि धूळ. गाठी आवळायच्या लोखंडी पट्ट्या वाकवून बाईंनी दोन कड्या करवल्या, त्या समोरासमोरच्या खांबांवर ठोकल्या, खाली सुतळीचं जाळं लोंबवलं. बॉल चामड्याचा. पहिल्या दिवशी निम्म्या पोरी त्याला शिवायला तयार नव्हत्या. बाई म्हणाल्या, "आंघोळ करा मंग घरी जाऊन. विहीर काय आटून राह्यली का?" त्या महिन्यात आम्ही इतक्या आंघोळी केल्या की खामगावाला पाण्याची टंचाई आली. त्याचं खापर लोकांनी उन्हाळ्यावर फोडलं, हे आमचं नशीब.

त्यांच्या शिट्टीबद्दल सांगायलाच हवं. एकदा जलंबला जाणारी आमची छोटी गाडी फलाटावर उभी होती. उतारू चढत होते, गार्ड चहा पीत होता. इकडे जिनात आमच्यातल्या यमुनेनं बॉल घेऊन नियमाबाहेर तीन पावलं टाकली, आणि बाईंनी शिट्टी मारली. गाडी सुटली. गार्ड बशी हातात घेऊन मागं पळतोय, उतारू अर्धे आत, अर्धे बाहेर. तेव्हापासून स्टेशनमास्तर रोज निरोप पाठवून विचारायचा, आज बाईंचा खेळ कोणत्या वेळेला आहे. यातलं थोडं कमी करून घ्या हवं तर. गाडी सुटली एवढं खरं.

पण शिट्टीपेक्षा भीती त्यांच्या डोळ्यांची. त्या कधी कुणाच्या तोंडाकडे बघत नसत. बोलताना नजर सरळ खाली, तुमच्या पायांवर. आधी वाटलं मर्यादा पाळतात. मग एके दिवशी सगळ्यांना ओळीत उभं करून त्यांनी तो मंत्र दिला.

"समोरचीचं तोंड नका पाहू. तोंड खोटं बोलते. इकडं हसून तिकडं पळते. पाय पाहा. पायाइले खोटं बोलता येत नाही. ज्या बाजूले पाय, त्या बाजूले माणूस."

त्या लोणारच्या. लहानपणापासून घागर घेऊन विवराच्या उतारावर चढउतार केलेली. तिथं पुढच्या बाईच्या तोंडाकडे बघत चाललं तर माणूस थेट तळ्यात. म्हणून ही सवय, असं त्या सांगत. मला विचाराल तर पन्नास बायका रांगेत उभ्या करून नुसत्या टाचा दाखवल्या असत्या, तर बाईंनी कुणाचं सासूशी भांडण झालंय तेही सांगितलं असतं. त्यांच्यापुढे उभं राहायचं तर आम्ही पाय लुगड्यात लपवून घेत असू. त्या मग म्हणायच्या, "लपोले म्हणजे काही तरी आहे."

हीच नजर घेऊन त्या एका सकाळी रावसाहेबांना भेटून आल्या. गावात कुजबुज फार वाढली होती. बायकांनी उड्या मारायच्या, त्याही भिंतीपलीकडून मुंडाशी दिसतात अशा जागी! कमिटीत कुणीतरी म्हणालं, ड्रीलबाईला घरी बसवा आणि त्या कड्या उतरवा. त्यातच नागपूरहून शाळा तपासणारी इन्स्पेक्ट्रेस मडम येणार असं ठरलं. खेळ राहतो की जातो ते विचारायला बाई गेल्या होत्या. यमुना आणि मी मागे.

रावसाहेब गोड हसले. "बाई, तुम्ही निर्धास्त राहा. तुमचा खेळ म्हणजे आपल्या संस्थेचं भूषण."

बाहेर आल्यावर यमुना म्हणाली, "झालं बाई, बरं झालं."

"कशाचं बरं? गेलो आपण," बाई म्हणाल्या. "भूषण म्हणून राह्यले होते तवा पाय फाटकाकडं होते त्याइचे. मडमेनं नाक मुरडलं का संध्याकाळी कडी खाली, अन् मी लोणारात."

एवढं बोलून त्या चालायला लागल्या. आम्ही मागं. त्या दिवशी प्रथमच मला त्यांची नाही, त्यांच्यासाठी भीती वाटली. लोणारात त्यांचं होतं कोण? एक दीर, ज्याच्या घरात त्यांना ओसरीवर भाकर मिळायची. पुन्हा त्या ओसरीवर जाऊन बसायचं, हा त्या मडमेच्या नाकाचा हिशेब होता.

आता यमुनेचं. यमुना मेहकरकडची, उंच, हात असे लांब की विहिरीतली बादली वाकून काढावी. नवरा मास्तर, त्यानंच हौसेनं शिकायला धाडलेली. आमच्यात कडीत बॉल टाकावा तो तिनं. मडम यायच्या आठवड्यात मेहकरहून निरोप आला की मास्तरांना विषमज्वर झालाय. यमुना गाठोडं बांधून निघाली. मागोमाग मास्तरांच्या भावाकडून दुसरा निरोप: मास्तर शुद्धीवर असताना म्हणाले, तिला म्हणावं खेळून ये. ती गाठोड्यावरच बसून राहिली. बाई म्हणाल्या, "जाय तू." ती म्हणाली, "त्याइनं खेळ म्हटलं ना." आणि राहिली. जेवत नव्हती. घास तोंडाशी नेऊन खाली ठेवायची.

मडम यायची त्या सकाळी बाई रावसाहेबांबरोबर स्टेशनवर गेल्या. जाताना आम्हाला बजावून गेल्या, मैदान सारवा, चुन्याच्या रेघा मारा, नीट मारा.

आम्ही सारवलं. शेणाचा हात असा फिरवला की मैदानात तोंड पाहून घ्यावं. चुन्याच्या रेघा मारल्या. मग सगळ्या लांब उभ्या राहून बघू लागलो आणि सगळ्यांच्या मनात एकच आलं. एवढी नागपूरची पाहुणी येणार आणि सारवलेल्या अंगणात नुसती चुन्याची रेघ? बरं दिसतं का? सुतकाच्या घरीही याहून बरं दिसतं. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. रांगोळीचे डबे आले. रेघांच्या कडेनं वेल निघाली. दोन्ही कड्यांखाली लक्ष्मीची पावलं उमटली. मधल्या गोलात, जिथून खेळ सुरू व्हायचा, तिथं आठ पाकळ्यांचं कमळ. कमळात हळदीकुंकू घालायला यमुना बसली. चिमटीनं इतकं हळू घालत होती की कुंकवाला श्वास लागू नये. ओठ हलत होते. काय म्हणत होती ते आम्हाला कळत होतं. मान वळवून आम्ही दुसरीकडे बघत राहिलो.

टांगा आला. मडम उतरली, उंच, हॅट घातलेली. मागून रावसाहेब, मागून कमिटी. भिंतीपलीकडे मुंडाशांची रांग, आणि आमचा खेळ बंद पाडायला टपलेले सगळे त्यात. बाई मैदानाकडे बघतात तोवर आम्ही दोन बाजूंना उभ्या राहिलो, आणि बाईंनी सवयीनं शिट्टी मारली.

कुणी हललं नाही.

दोन्ही बाजूच्या पोरी रेघेबाहेर उभ्या, लुगड्याच्या निऱ्या मुठीत. आत पाय टाकायचा म्हणजे लक्ष्मीच्या पावलांवर टाकायचा. आपण काय करून बसलो हे आम्हाला त्या क्षणी कळलं.

"यमुने, गोलात ये," बाई म्हणाल्या.

"बाई, नाही व्हायचं."

"काऊन?"

"त्याइच्या नावानं घातलं मी."

बाईंनी कमळाकडे पाहिलं. मग आमच्या पायांकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग रावसाहेबांच्या. ते पाय केव्हाच मडमेकडे आणि तिथून फाटकाकडे वळले होते. भिंतीपलीकडून कुणीतरी हसलं.

इथं मला काही वाढवायचा धीर होत नाही. झालं तसं सांगते.

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांना हलका आवाज आहे हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं. "तुमच्यातल्या कोणी नका टाकू पाय. माह्यं जे जायचं ते कधीच गेलं. मी मोडते."

आणि यमुना ओरडली, "बाई, तुम्ही नका! तुम्ही नका वं माय!"

काय म्हणायचं होतं ते सगळ्यांना समजलं. जिथं सवाशिणीचा पाय चालत नाही, तिथं मोकळ्या कपाळाच्या बाईचा पाय! तिच्या आजारी नवऱ्याच्या नावाच्या कुंकवावर! यमुनेनं तोंडावर हात दाबून धरला. पण शब्द निघून गेला होता.

बाईंचं तोंड दगडासारखं होतं. "मले माहीत आहे कोणाचा पाय आहे तो," त्या म्हणाल्या. "त्याले काही झालं, त माह्यं नाव घेजो. साऱ्या गावाले सांगजो, ड्रीलबाईनं केलं. तुह्यावर काही नाही, कोणावर काही नाही. मंग त खेळशीन?"

बाईंनी बूट उचलला.

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी शिकवल्याप्रमाणे पायांकडे बघितलं. तो बूट कमळावर अधांतरी होता आणि थरथरत होता, सुगीत सुपातला दाणा थरथरतो तसा. मग तो टेकला. दुसरा टेकला. एक पाय रोवून त्यांनी दुसऱ्या पायानं गोल फिरवलं, आम्हाला शिकवायच्या तशी गिरकी, आणि कमळ गेलं. मग वेल, मग एका कडीखालची पावलं, मग दुसऱ्या. फिरत फिरत सगळं मैदान त्यांनी बुटांनी पुसून काढलं. पांढरे बूट घोट्यापर्यंत लाल झाले. मग गोलात येऊन त्यांनी शिट्टी तोंडात धरली. ती वाजेना. दुसऱ्यांदा वाजली.

आम्ही खेळलो. कशा खेळलो विचारू नका. भुतानं पाठलाग केल्यावर माणूस जसा खेळेल तसं. यमुनेचे डोळे गळत होते आणि बॉल कडीत पडत होता. मडम हॅट काढून उभी राहिली. तिनं रावसाहेबांना विचारलं, सुरुवातीला त्या बाईंनी केला तो विधी कसला? रावसाहेब मुरलेले वकील. डोळ्याची पापणी न लववता म्हणाले, "वऱ्हाडची जुनी रीत आहे मॅडम. खेळाआधी वडीलधारी बाई अंगण मोडते." मडम म्हणाली, फारच सुंदर. त्याबरोबर रावसाहेबांचे पाय फिरले आणि मैदानाच्या बाजूला येऊन स्थिर झाले. कडी राहिली. बाईही राहिल्या.

पण आमची भीती त्यानंतर खरी सुरू झाली. यमुना त्याच दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं मेहकरला गेली आणि तिकडून काही कळेना. बाई ओरडायच्या बंद झाल्या. तुम्हाला सांगते, त्यांच्या ओरडण्यापेक्षा ते भयंकर होतं. मी मुद्दाम बॉल हातातून सोडला, मुद्दाम चिंचेमागे गेले, तरी नाही. रोज विहिरीवर बूट रिठ्यानं घासत. लाल जात नव्हतं. बाजारात बायका त्यांना पाहून बाजूला होत आणि पोटाशी धरलेलं पोर दुसऱ्या कुशीवर घेत. मोटार यायच्या वेळेला बाई अड्ड्यावर जाऊन उभ्या राहत आणि उतरणाऱ्यांचे पाय बघत. मी सोबत जाई. वाईट बातमी आणणारा माणूस खाली उतरून आधी थांबतो, त्याचे पाय कुठंच वळत नाहीत, असं त्यांनी मला सांगितलं. एके दिवशी एक म्हातारा उतरला आणि तसाच थांबला. बाईंनी माझं मनगट धरलं. हाड मोडलं असं मला वाटलं. आजही पावसाळ्यात दुखतं. म्हाताऱ्याची चप्पल तुटली होती, एवढंच.

मग एका संध्याकाळी आम्ही खेळत होतो. फाटकातून एक माणूस आत आला. काय माणूस! खराट्याला सदरा घालून टोपी ठेवावी तसा. एका हातात काठी, मागं दोन हातांच्या अंतरावर यमुना. तो आला तो सरळ मैदानाच्या मधूनच, हळूहळू, चपला फरपटत, आमच्या नुकत्याच मारलेल्या चुन्याच्या रेघा पुसत.

शिट्टी! अशी शिट्टी की जिनाच्या पत्र्यावरची कबुतरं शेगावला गेली.

"ओ मास्तर! आंधळे आहे का? मैदानातून काऊन चालून राह्यले? बाजूनं या! बाजूनं या म्हणते ना! अन् चपला काढा!"

मास्तर बिचारे जागच्या जागी चपला काढायला वाकले आणि खालीच बसले. यमुना हसत होती आणि रडत होती. तिनं धावत येऊन बाईंचे पाय धरले. बाईंनी ते सोडवून घेतले आणि तडक चिंचेमागे गेल्या. बराच वेळ तिथं होत्या. मी काही डोकावले नाही. मला माझ्या जिवाची काळजी होती.

रावसाहेबांनी घाईत मारलेली थाप मात्र पुढं खरी झाली. प्रत्येक सामन्याआधी पोरी रांगोळी घालू लागल्या, कुंकू घालू लागल्या, आणि ते मोडायचा मान बाईंचा. बाईंनी शिकवलेल्या पोरी मास्तरणी होऊन गावोगाव गेल्या. कुठं निंबाला, कुठं शाळेच्या भिंतीला बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव नाही तर गाठीची पट्टी ठोकून त्यांनी कड्या टांगल्या. साखरखेर्ड्याला मी टांगली. आणि जिथं जिथं कडी, तिथं तिथं आधी रांगोळी, मग ती मोडायला गावातली एखादी मोकळ्या कपाळाची बाई, हात धरून आणलेली. पुष्कळजणी आधी येत नसत. रडत. मग येत. आमच्या गावच्या एका आजीनं तर मोडता मोडता अशी गिरकी घेतली की तिला गाठायला पंचवीस माणसं धावली. बरं, पाच धावली.

बाईंना नोकरीतून निरोप द्यायचा दिवस आला तेव्हा आम्ही सगळ्या जिनाच्या त्याच आवारात जमलो. बाईंचे केस पांढरे झालेले, बूट तसेच पांढरे, नवे. यमुना मेहकरच्या मुलींच्या शाळेची हेडमिस्ट्रेस झाली होती. बरोबर मास्तर, आता जिनातल्या गाठीएवढे जाड. कमळात कुंकू यमुनेनंच घातलं, मास्तरांच्याच नावानं. मग उठून तिनं बाईंचा हात धरला. "टाका बाई पाय."

बाईंनी बूट उचलला. सगळे टाळ्या वाजवत होते. तो बूट कमळावर अधांतरी होता आणि थरथरत होता, अगदी तसाच.

मोडून झाल्यावर त्या चिंचेखाली ओट्यावर बसून बुटाची नाडी बांधत होत्या. मी जवळ गेले. एवढ्या वर्षांत जे विचारायचा धीर झाला नव्हता ते विचारलं.

"बाई, पहिल्यांदा मोडलं, त्या दिवशी भेव वाटलं होतं का तुम्हाले?"

त्यांनी मान वर केली नाही.

"पाय पाह्यले होते ना तू?"

"हो."

"मंग विचारून काऊन राह्यली?"